कोळंबी-संवर्धन : पर्यावरणीय व आर्थिक परिणाम

कोळंबी-संवर्धन : समुद्रकिनाऱ्यालगत बांध घालून तयार केलेल्या खाऱ्या किंवा निमखाऱ्या पाण्याच्या तळ्यांत कोळंबीचे बीज सोडून, तीस खाद्य देऊन व पाण्याची निगा राखून ती विक्रीयोग्य आकारापर्यंत वाढविण्याच्या व्यवसायास कोळंबी-संवर्धन म्हणतात. हा व्यवसाय मुख्यत्वे उष्ण कटिबंधातील विकसनशील देशांत चालतो. चीन, व्हिएटनाम, भारत, थायलंड, इंडोनेशिया, बांगला देश आणि एक्वादोर हे त्यांतील प्रमुख देश होत. यांपैकी चीनचा अपवाद वगळता उत्पादनाचा मोठा हिस्सा अमेरिकेची संयुक्त संस्थाने, जपान, यूरोप व अलीकडे चीन येथील बाजारपेठांत जातो. माल एका देशात खपतो आणि तो तयार करताना खारावलेली जमीन दुसऱ्या देशात राहते. या व्यवसायाच्या लाभहानीचा विचार या वस्तुस्थितीपासून सुरू करावा लागतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जलसंवर्धनातून मिळालेले जलचर प्राण्यांचे उत्पादन (सु. ९·४४ कोटी टन) प्रथमच मासेमारीच्या उत्पादनापेक्षा (सु. ९·१ कोटी टन) अधिक झाले. हे सर्व उत्पादन एकाच मापाने मोजणे योग्य नाही. गोड्या पाण्याच्या तळ्यांत एकत्र वाढविले जाणारे रोहू, कटला, मृगळ हे मासे बव्हंशी पाण्यातील सूक्ष्म वनस्पती, प्राणी व कुजलेले पदार्थ यांवर वाढतात आणि जवळपासच्या बाजारात स्वस्त प्रथिने पुरवितात. त्यांचे पर्यावरणीय मूल्य तुलनेने अल्प असते. कोळंबी याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिची किंमत मोठी, खाद्य प्रथिनयुक्त, जागा भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील आणि बाजार परदेशी. म्हणून जलसंवर्धनाचे गुणदोष सर्वांत ठळकपणे तिच्या बाबतीत दिसून येतात.

पारंपरिक पद्धती : खाडीकाठी कोळंबी अडवून वाढविण्याची रीत नवी नाही. केरळातील पोक्कळी शेते, गोव्यातील खाजणे, बंगालमधील भेडी व जावा बेटातील तांबाक ही तिची जुनी रूपे होत. केरळात जून ते ऑक्टोबर या काळात क्षारसहिष्णू पोक्कळी भात घेतात. लोंब्या कापून धाटे शेतातच कुजू देतात आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत भरतीचे पाणी उघाडीतून आत घेऊन त्याबरोबर येणारी कोळंबीची पिले आत अडवितात. कुजलेल्या धाटांवर वाढणारे सूक्ष्मजीव हे त्यांचे अन्न. पुढे मॉन्सूनच्या पावसाने जमिनीतील क्षार धुऊन जातात व पुन्हा भात लावता येतो. हेक्टरी उत्पन्न काही शे किलोग्रॅमच्या पुढे क्वचितच जाते. परंतु खाद्य, औषधे, वीज यांपैकी कशाचाच खर्च नसतो आणि तेच शेत शतकानुशतके वापरात राहते.

आधुनिक तंत्र : जपानमध्ये मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३०–४० या दशकात कुरुमा कोळंबीची अंडी टाकीत उबवून पिले वाढविण्यात यश मिळविले. तैवानमध्ये इ-चिऊ ल्याव यांनी १९६८ मध्ये टायगर कोळंबीचे बीज अशाच प्रकारे तयार केले. कोळंबीची मादी निसर्गतः खोल समुद्रात अंडी घालते, पिले प्रवाहाबरोबर खाडीत येऊन वाढतात आणि पुन्हा समुद्रात परततात. बंदिस्त जागेत मादीचे अंडाशय सहसा पक्व होत नाहीत. तिचा एक नेत्रदंड छाटला असता त्यातील, अंडाशयाची वाढ रोखणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण घटते व ती अंडी घालते, हे आढळून आल्यावर बीजाचा कारखानाच उभा राहिला. तयार बीज, गोळ्यांच्या रूपातील खाद्य, पाणी उपसणारे पंप आणि पाण्यात हवा मिसळणारी वल्ह्यांची चक्रे यांच्या साहाय्याने, पूर्वी चौरस मीटरला एक-दोन पिले असत तेथे ५० किंवा त्याहून अधिक पिले सोडणे शक्य झाले. तीन ते पाच महिन्यांत पीक हाती येऊ लागले आणि हेक्टरी उत्पन्न टनांत मोजले जाऊ लागले.

या तंत्राचा प्रसार एका ठराविक क्रमाने झालेला दिसतो. प्रथम भरघोस पिके, मग तळ्यांची दाटी, नंतर रोगाची साथ आणि अखेर व्यवसायाचे दुसऱ्या किनाऱ्याकडे स्थलांतर. तैवानमध्ये १९८७ साली हा व्यवसाय शिगेला पोहोचला होता. पुढच्याच वर्षी उत्पादन निम्म्याहून खाली आले. थायलंडच्या आखाताच्या आतील भागातील बहुसंख्य तळी १९९० च्या सुमारास बंद पडली व व्यवसाय द. थायलंडकडे सरकला. चीनमध्ये १९९३ मध्ये पांढरे ठिपके रोग नावाच्या व्हायरसजन्य रोगाने उत्पादन एका वर्षात निम्म्याहून कमी झाले. हाच रोग १९९४-९५ मध्ये आंध्र प्रदेश व तमिळनाडू येथे आणि १९९९ मध्ये एक्वादोरमध्ये पोहोचला. एक्वादोरची निर्यात १९९८ मध्ये सु. १·१५ लाख टन होती, ती २००० मध्ये ४० हजार टनांच्या खाली गेली. त्यापूर्वी १९९२ मध्ये त्याच देशातील ग्वायाकील शहराजवळील तौरा नदीच्या परिसरात निराळा रोग उद्‌भवला होता व त्यास त्या नदीचेच नाव पडले. एका देशातून दुसऱ्या देशात नेलेले बीज व जननक्षम कोळंबी हे या प्रसाराचे मुख्य वाहन होते.

कांदळवनांचा ऱ्हास : भरतीच्या पाण्याखाली जाणारी सपाट व बहुधा सरकारी मालकीची जमीन म्हणून कांदळवने तळ्यांसाठी सोयीची वाटली. महसुली कागदांत ती पुष्कळदा पडीक म्हणूनच नोंदलेली असत. अन्न व शेती संघटनेच्या अंदाजानुसार १९८० ते २००५ या काळात जगातील कांदळवनांचे क्षेत्र १·८८ कोटी हेक्टरांवरून १·५२ कोटी हेक्टरांवर आले. या हानीची कारणे अनेक आहेत. नागरीकरण, भातशेती, मिठागरे व लाकूडतोड हीही त्यांत येतात. पण तळी हे त्यांतील एक प्रमुख कारण मानले जाते. फिलिपीन्समध्ये विसाव्या शतकाच्या प्रारंभी सु. साडेचार लाख हेक्टर कांदळवन होते, त्याचा निम्म्याहून अधिक भाग नष्ट झाला व त्या हानीत माशांच्या आणि कोळंबीच्या तळ्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. बांगला देशातील कॉक्स बझार जिल्ह्यातील चकरिया सुंदरबन हे सु. ८,५०० हेक्टरांचे राखीव वन आंतरराष्ट्रीय बँकांच्या कर्जावर आखलेल्या कोळंबी-प्रकल्पांच्या काळात जवळजवळ संपूर्ण नाहीसे झाले.

कांदळवन हे कोळंबीच्याच पिलांचे पाळणाघर असते. अनेक खाद्य मासे, खेकडे व शिंपले यांचेही बालपण तेथेच जाते. वन गेले की खाडीतील मासेमारीचे उत्पन्न घटते. लाटांचा जोर मोडण्याचे त्याचे कार्यही थांबते. ओडिशातील १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यात झालेल्या संशोधनात, ज्या गावांपुढे कांदळवनाचा रुंद पट्टा शिल्लक होता तेथे मृत्यूंचे प्रमाण कमी असल्याचे आढळले [⟶ कच्छ वनश्री].

यात एक विसंगती आहे व तिचा उल्लेख क्वचितच केला जातो. कांदळवनाची माती तळ्यासाठीही चांगली नसते. तिच्यात लोह व गंधक यांचे पायराइट हे संयुग साचलेले असते. माती पाण्याखाली आहे तोपर्यंत ते निरुपद्रवी असते. पण बांध घालण्यासाठी ती खणून उघडी पडली की हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन गंधकाम्ल तयार होते. तळ्याचे पाणी आम्लधर्मी बनते, मातीतील ॲल्युमिनियम विरघळू लागते, कोळंबीची वाढ खुंटते आणि पुष्कळ तळी पाच-दहा वर्षांत सोडून द्यावी लागतात. त्या जागी भात येत नाही व वनही सहजासहजी परत उगवत नाही.

जमीन व गोडे पाणी : टायगर कोळंबीस समुद्राहून कमी खारट पाणी मानवते. तेव्हा समुद्राचे पाणी पातळ करण्यासाठी कूपनलिकांतून गोड्या पाण्याचा उपसा होऊ लागला. तैवानच्या पिंगटुंग परगण्यात या उपशामुळे किनाऱ्यालगतची जमीन काही ठिकाणी दोन मीटरहून अधिक खचली. तेथे घरांची जोती रस्त्याखाली गेली व भरतीचे पाणी वस्तीत शिरू लागले. अन्यत्र भूजलपातळी घटल्याने समुद्राचे पाणी भूमिगत जलस्तरात शिरून विहिरी खाऱ्या झाल्या. त्याशिवाय तळ्यांतून झिरपणारे खारे पाणी शेजारच्या भातखाचरांत उतरते ते वेगळेच. अशा वेळी शेजारच्या शेतकऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात : खाचर पडीक ठेवणे किंवा तेही तळ्यासाठी खंडाने देणे. म्हणूनच एका गावात पहिले तळे खोदले गेल्यावर काही वर्षांतच सर्व शिवार तळ्यांखाली गेल्याची उदाहरणे आढळतात. याला शेतकऱ्यांची पसंती म्हणणे अर्धसत्य होय.

दिलेल्या खाद्यातील नायट्रोजनाचा जेमतेम पाव भाग कोळंबीच्या शरीरात जातो. उरलेला पाण्यात विरघळतो किंवा विष्ठा व न खाल्लेले खाद्य यांच्या रूपाने तळाच्या गाळात साचतो. पीक काढल्यावर हे पाणी व गाळ खाडीत सोडला जातो. आणि त्याच खाडीतून शेजारचा तळेमालक आपल्या तळ्यासाठी पाणी घेत असतो. रोगाची साथ एका तळ्यापुरती मर्यादित का राहत नाही, याचे कारण यातच आहे.

बीज व खाद्य : बीजोत्पादन केंद्रे पुरेशी नव्हती तेव्हा, आणि काही भागांत त्यानंतरही, बीज खाडीतूनच गोळा केले जाई. सुंदरबनच्या दोन्ही बाजूंस, प. बंगाल व बांगला देश येथे, हे काम गरीब स्त्रिया व मुले कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात बारीक जाळे ओढून करीत. टायगर कोळंबीस बंगालीत बागदा व तिच्या बीजास मीन म्हणतात. मीनचे एक पिलू वेचताना इतर जातींची शेकडो पिले किनाऱ्यावर टाकून दिली जात. बांगला देशाने २००० मध्ये या वेचणीवर बंदी घातली. परंतु त्या कुटुंबांना दुसरे काम न मिळाल्याने तिची अंमलबजावणी दुबळी राहिली.

जलसंवर्धनामुळे समुद्रातील मासेमारीवरील ताण हलका होतो, हा त्याच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद. कोळंबीच्या बाबतीत तो दीर्घकाळ खरा नव्हता. तिच्या खाद्यात पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्हेटासारख्या लहान माशांची कुटी व तेल मोठ्या प्रमाणात असे. १९९७ च्या सुमारास एक किग्रॅ. कोळंबी वाढविण्यासाठी समुद्रातील सरासरी सु. २·८ किग्रॅ. मासळी खर्ची पडत असल्याचा अंदाज २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर सोयाबीनच्या पेंडीचा वापर वाढून हे प्रमाण बरेच खाली आले आहे. या क्षेत्रातील ही खरी सुधारणा मानली पाहिजे. मात्र त्यामुळे समुद्रावरील भार काही अंशी शेतजमिनीवर सरकला आहे.

औषधे : दाट साठवणीत रोग टाळण्यासाठी प्रतिजैविकांचा सढळ वापर होऊ लागला. २००१-०२ मध्ये यूरोपीय देशांत आशियाई कोळंबीत क्लोरँफिनिकॉल व नायट्रोफ्यूरान यांचे अवशेष सापडून अनेक खेपा परत पाठविण्यात आल्या. भारताने २००२ मध्ये अनेक औषधांचा जलसंवर्धनातील वापर निषिद्ध केला. तरीही अवशेष अधूनमधून सापडत राहिले व २०१६ मध्ये यूरोपीय संघाने भारतीय संवर्धित कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण खेपांच्या १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. परत आलेल्या खेपेचा तोटा निर्यातदार पुढील खरेदीच्या भावात वसूल करतो व तो अखेर तळेमालकाकडे येतो.

आर्थिक हिशोब : तळ्याच्या मालकाचा जमाखर्च व समाजाचा जमाखर्च हे दोन भिन्न हिशोब आहेत. पहिल्यात बीज, खाद्य, वीज, मजुरी व व्याज हे परिव्यय येतात. खारावलेली विहीर, घटलेली खाडीतील मासळी व तुटलेले वन यांचा खर्च दुसऱ्यावर पडत असल्याने तो पहिल्या वहीत उतरतच नाही. अर्थशास्त्रात यास बाह्य परिव्यय म्हणतात.

या दोन्ही वह्या शेजारीशेजारी मांडण्याचा एक काळजीपूर्वक प्रयत्न द. थायलंडमधील सुरत थानी प्रांताच्या बाबतीत सुथावान सथिरथाई व एडवर्ड बार्बिअर यांनी २००१ मध्ये केला. बार्बिअर यांनी तो २००७ मध्ये सुधारून घेतला. १९९६ च्या किंमतींनुसार कांदळवन तोडून केलेल्या एक हेक्टर तळ्यापासून मालकास होणाऱ्या नफ्याचे वर्तमान मूल्य सु. ९,६३० डॉलर भरले. मात्र त्यातील सु. ८,४०० डॉलर हा निरनिराळ्या मार्गांनी मिळालेल्या शासकीय साहाय्याचा परिणाम होता. तो वजा करता देशाच्या दृष्टीने लाभ सु. १,२२० डॉलर उरला. उलट, सोडून दिलेल्या तळ्याच्या जागी पुन्हा वन उभे करण्याचा खर्च हेक्टरी सु. ९,३२० डॉलर येत होता. वन राखले असते तर लाकूडफाटा, मासेमारीस आधार व वादळांपासून संरक्षण यांचे मूल्य १०,१६० ते १२,३९० डॉलर झाले असते व त्यातील सर्वांत मोठा भाग वादळसंरक्षणाचा होता. वादळाने होणारे नुकसान कसे मोजावे यावर मतभेद संभवतात, व या आकड्यांचा बराचसा भार त्यावरच आहे. तथापि शासकीय साहाय्याचा आकडा अशा गृहीतांवर अवलंबून नाही, आणि मालकाच्या नफ्यातील सु. सात-अष्टमांश भाग एवढ्यानेच नाहीसा होतो.

रोजगाराचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. भाताला लावणी, बेणणी, कापणी व मळणी यांसाठी अनेक हात लागतात आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा असतो. त्याच क्षेत्राच्या तळ्याला रखवालदार व खाद्य टाकणारे मोजके मजूर पुरतात. शीतगृहे व सोलाईचे कारखाने यांत नवे रोजगार निर्माण होतात हे खरे. परंतु ते बंदरांजवळच्या शहरांत आणि बहुधा हंगामी व कंत्राटी स्वरूपाचे असतात. शेत गेलेली मजूर स्त्री व कारखान्यात काम मिळालेली स्त्री एकच असण्याचा संभव थोडा.

भारतातील न्यायालयीन वाद : सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाची स्थापना १९७२ मध्ये झाली. १९९०–९५ या काळात परकीय चलनाच्या निकडीमुळे कोळंबी-संवर्धनास भरघोस उत्तेजन मिळाले. १९९२ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने एक प्रकल्प सुरू झाला, अनेक नव्या कंपन्यांनी जनतेकडून भागभांडवल उभारले आणि आंध्र प्रदेशातील नेल्लोर व तमिळनाडूतील नागपट्टिनम भागांत हजारो हेक्टरांवर तळी खोदली गेली. तमिळनाडूतील ज्येष्ठ सर्वोदयी कार्यकर्ते एस्. जगन्नाथन यांनी याविरुद्ध १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून किनाऱ्याची पाहणी करविली. व्यवसायामुळे होणारी पर्यावरणीय व सामाजिक हानी ही त्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नाहून अधिक आहे, असा निष्कर्ष संस्थेने नोंदविला.

११ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग व न्या. एस्. सगीर अहमद यांनी दिलेल्या निर्णयाचा गाभा एका व्याख्येत होता. किनारा नियमन क्षेत्रविषयक १९९१ च्या अधिसूचनेनुसार पाणवठ्याशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या किंवा किनाऱ्यावाचून चालू न शकणाऱ्या उद्योगांनाच त्या क्षेत्रात मुभा होती. कोळंबीचा कारखाना या व्याख्येत बसत नाही, असे न्यायालयाने ठरविले. पारंपरिक व सुधारित पारंपरिक पद्धती वगळून या क्षेत्रातील सर्व तळी ३१ मार्च १९९७ पूर्वी मोडावीत, चिल्का व पुलिकत या सरोवरांपासून १,००० मीटरच्या आत संवर्धन करू नये आणि प्रदूषण करणाऱ्याने बाधितांना भरपाई द्यावी, असे आदेश देण्यात आले. पुनर्विचार-याचिकांमुळे तळी मोडण्याचे काम स्थगित झाले. २००५ मध्ये संसदेने किनारी जलसंवर्धन प्राधिकरण अधिनियम संमत करून हा व्यवसाय १९९१ पासूनच अनुज्ञेय असल्याचे मानले; म्हणजे न्यायालयाने ज्या व्याख्येवर बोट ठेवले होते तीच बदलण्यात आली. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत तळी नसावीत, प्रत्येक तळ्याची नोंदणी व्हावी व मोठ्या प्रक्षेत्रांनी सांडपाण्यावर प्रक्रिया करावी, ही बंधने त्यासोबत आली. २०२३ च्या दुरुस्तीने नियमभंगासाठी असलेली तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकून तिच्या जागी दंड ठेवला.

जमिनीचे व पाण्याचे झगडे : कायद्याच्या चौकटीबाहेर हा प्रश्न अनेक ठिकाणी रक्तरंजित झाला. बांगला देशाच्या खुलना विभागात १९६०–७० या दशकात खारे पाणी बाहेर ठेवून भात पिकविता यावा म्हणून सरकारी खर्चाने बांध घालण्यात आले होते. १९८० नंतर हेच बांध फोडून किंवा त्यांत नळ घालून खारे पाणी आत घेण्यात येऊ लागले. पाइकगाछा भागातील २२ क्रमांकाच्या बांधबंदिस्तीतील भूमिहीनांनी यास विरोध केला. ७ नोव्हेंबर १९९० रोजी निघालेल्या मोर्चाच्या अग्रभागी असलेल्या करुणामयी सरदार हरिणखोला येथे ठार झाल्या. त्या बंदिस्तीत त्यानंतर कोळंबीची तळी होऊ शकली नाहीत. आजूबाजूच्या बंदिस्त्यांतील झाडे, गुरे व भाजीपाला खाऱ्या पाण्याने लयास गेले असताना तेथे मात्र भात, भाज्या व गोड्या पाण्याची तळी टिकून राहिली, त्यामुळे अभ्यासकांना तुलनेसाठी एक दुर्मिळ उदाहरण उपलब्ध झाले.

ओडिशातील चिल्का सरोवरात पिढ्यान्‌पिढ्या मच्छीमार जातींकडे असलेल्या पाण्यात बाहेरच्या धनिकांनी जाळ्यांची कुंपणे उभारली. त्यांना घेरी म्हणतात. न्यायालयाच्या बंदीनंतरही ती न हटल्याने मच्छीमारांनी ती स्वतः उखडली. त्यानंतर २९ मे १९९९ रोजी सोरणा गावात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात चार जण मृत्युमुखी पडले.

व्हॅनामी कोळंबी : रोगांनी टायगर कोळंबीचा व्यवसाय खिळखिळा झाल्यावर आशियाई देश लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हॅनामी या जातीकडे वळले. भारताने तिच्या व्यापारी संवर्धनास २००९ मध्ये परवानगी दिली. ती दाटीत तग धरते, तिला कमी प्रथिनांचे खाद्य पुरते आणि विशिष्ट रोगांपासून मुक्त अशी जननक्षम कोळंबी आयात करून, चेन्नईजवळील नीलांकरई येथे विलग्नवासात तपासून मगच बीज तयार केले जाते. २०२२ मध्ये या एका जातीचे जागतिक उत्पादन सु. ६८ लाख टन झाले. खाडीतील बीजवेचणीची निकड यामुळे संपली व तळी कांदळवनापासून दूर, उंच जमिनीवर करणे शक्य झाले. रोगांपासून सुटका मात्र झाली नाही. २००९ च्या सुमारास चीनमध्ये उद्‌भवलेल्या, लहान पिलांचा बळी घेणाऱ्या एका रोगाने २०१२-१३ मध्ये थायलंडचे उत्पादन निम्म्यावर आणले. त्याचे कारण असलेला जीवाणू २०१३ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी ओळखला.

एकाच वस्तूवर व मोजक्या गिऱ्हाइकांवर विसंबण्याचा धोकाही वाढला. भारताची गोठविलेल्या कोळंबीची निर्यात २०२२-२३ मध्ये सु. ७·११ लाख टन व २०२३-२४ मध्ये सु. ७·१६ लाख टन होती; पण तिचे मूल्य याच काळात सु. ५४८ कोटी डॉलरांवरून सु. ४८८ कोटी डॉलरांवर घसरले. एक्वादोरच्या प्रचंड उत्पादनामुळे उतरलेला भाव हे त्याचे एक कारण. २०२३-२४ मध्ये एकूण कोळंबीपैकी सु. ४० टक्के अमेरिकेस गेली होती. त्या देशाने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा त्याची झळ गोदावरी व कृष्णा यांच्या त्रिभुज प्रदेशातील तळेमालकांना लगेच लागली.

कोकण व गोवा : कोकणात या व्यवसायाचा विस्तार आंध्र प्रदेशाच्या मानाने थोडा आहे. तेथील प्रश्न मुख्यतः खारेपाटातील बांधांचा होय. पेण, अलिबाग या भागांत दुरुस्तीअभावी बांध फुटून भातशेतांत खारे पाणी शिरले व कालांतराने तेथे कांदळवन माजले. कांदळवनांची तोड हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला असल्याने अशा जमिनीचा मालक तेथे तळे खोदू शकत नाही आणि भातही लावू शकत नाही. बांध शाबूत असलेल्या ठिकाणी पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या क्षारसहिष्णू भाताच्या जाती उपयोगी पडतात [⟶ खारजमीन].

गोव्यात खाजणांच्या पाण्याचे दार, म्हणजे मानस, मासळीसाठी लिलावाने देण्याची प्रथा आहे. पूर्वी शेतकऱ्यांची संस्था दार कधी उघडावे हे भाताकडे पाहून ठरवी. मासळीचे भाव वाढल्यावर लिलावदार अधिक काळ खारे पाणी आत घेऊ लागला आणि बांधही त्यामुळे झिजू लागले. अनेक खाजणांत भातशेती सुटली आहे.

हा व्यवसाय आता किनारा सोडून अंतर्भागातही शिरला आहे. हरयाणा, पंजाब व राजस्थान येथे भूजल खारावल्यामुळे पडीक झालेल्या जमिनींवर व्हॅनामीची तळी होत आहेत. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या रोहतकजवळील लाहली येथील केंद्रात या पद्धतीचे संशोधन झाले. त्या पाण्यात पोटॅशियम कमी असल्याने ते बाहेरून घालावे लागते. जेथे पीक येतच नव्हते तेथे ही तळी निश्चितच उत्पन्न देतात. पण पीक काढल्यानंतरचे खारे पाणी सोडण्यास जवळपास समुद्र नसतो. थायलंडने गोड्या पाण्याच्या भातक्षेत्रात अशी तळी करण्यास १९९८ मध्येच बंदी घातली होती. उत्तर भारतात हे पाणी पुन्हा वापरणे, बाष्पीभवनासाठी वेगळ्या खाचरात साठविणे किंवा नाल्यात सोडणे यांपैकी कोणता मार्ग प्रत्यक्षात पाळला जातो, यावर शेजारच्या गहू व कापूस यांच्या शेतांचे भवितव्य अवलंबून आहे.